बोक्याच्या ताटलीत आधी पाणी

मांजराच्या लघवीत काही बिघाड झाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मग आता कुठलं खाणं आणू?" नाशिकच्या इंदिरानगरातल्या आमच्या कॉलनीत हेच विचारतात, गंगापूर रोडवरच्या दुकानात हेच विचारतात, दवाखान्यात पिंजरा मांडीवर घेऊन बसलेले लोकही एकमेकांना हेच विचारतात. उत्तर म्हणून सगळ्यांना एखाद्या कंपनीचं नाव हवं असतं. शेजाऱ्यांची नागपूरला बदली झाली तेव्हा गुंड्या हा त्यांचा बोका दाण्यांच्या पिशवीसकट आमच्याकडे राहायला आला, आणि पुढच्याच थंडीत त्याची लघवी अडली. तिथून पुढे दवाखाना, तपासण्या, डॉक्टरांशी बोलणं आणि मिळेल ते वाचन यांतून माझं एक मत पक्कं झालं. कंपनीचं नाव सगळ्यांत शेवटी येतं. आधी दुखणं नेमकं कुठलं हे कळायला हवं, आणि त्याच्या पाठोपाठ ताटलीतून पोटात पाणी किती जातं हे.

१. लघवी अडली असेल तर खाण्याचा विचार बाजूला ठेवा आणि तडक दवाखाना गाठा.

हे सगळ्यांत आधी लिहिते, कारण यात जीव जातो. बोका मातीच्या ट्रेमध्ये जाऊन बसतो, जोर करतो, उठतो, परत बसतो. मग मोरीत जाऊन बसतो. मागचा भाग सारखा चाटत राहतो. बाहेर येतो एखादा थेंब, तोही गुलाबीसर, नाहीतर काहीच नाही. घरातल्यांना वाटतं पोट साफ होत नाही आणि कुणीतरी एरंडेल सुचवतं. डॉक्टरांनी माझा हात धरून गुंड्याच्या पोटाच्या मागच्या बाजूला टेकवला होता. "ताई, हे बघा. ही शी नाही, लघवीनं भरलेली पिशवी आहे." कच्च्या लिंबासारखा टणक गोळा बोटांना लागला. हात लागताच गुंड्या ओरडला.

मादीची मूत्रनलिका आखूड आणि रुंद असते, बोक्याची लांब असते आणि टोकाशी फार अरुंद होते. त्या टोकाशी बारीक खडा किंवा चिकट स्राव आणि स्फटिक यांचा गठ्ठा अडकला की वाट बंद. लघवीवाटे बाहेर न पडलेलं पोटॅशियम रक्तात साठतं आणि हृदयाची लय बिघडवतं. पूर्ण अडलेला बोका एक-दोन दिवसांत दगावू शकतो. म्हणून रात्र असली तरी सकाळची वाट बघायची नाही. दवाखान्यात कॅथेटर घालून वाट मोकळी करतात, सलाईन लावतात, काही दिवस नजरेखाली ठेवतात.

आणि घरातली तापाची गोळी कधीही देऊ नका. पॅरासिटामॉल मांजराला विष आहे. आपल्याला चालणारी एक गोळी त्याला मारायला पुरते.

२. त्रास एक दिसतो, कारणं चार असतात.

वारंवार लघवीला जाणं, रक्त, ट्रेच्या बाहेर लघवी, ही लक्षणं जवळपास सगळ्या दुखण्यांत सारखीच दिसतात. पण कारण खडा असू शकतं, नलिकेतला गठ्ठा असू शकतं, जंतुसंसर्ग असू शकतं, किंवा तपासणीत काहीच न सापडणारी मूत्राशयाची सूज असू शकतं. तरुण आणि मध्यम वयाच्या मांजरांत निम्म्याहून जास्त वेळा हे शेवटचंच निघतं. जंतुसंसर्ग मात्र त्या वयात क्वचित असतो. तो म्हाताऱ्या, मधुमेही किंवा किडनी कमजोर झालेल्या मांजरांत जास्त आढळतो. माणसाला उन्हाळी लागली की आपण जे समजतो ते इथे लागू पडत नाही. आधीच्या वेळी चालून गेलेलं अँटिबायोटिक परत मेडिकलमधून आणण्यात म्हणूनच अर्थ नाही.

तेव्हा खाण्यावर पैसे घालण्याआधी तीन गोष्टींवर घाला: ताज्या लघवीची तपासणी, पोटाचा एक्स-रे आणि सोनोग्राफी. मांजरांतले दोन मुख्य खडे, स्ट्रुव्हाइट आणि कॅल्शियम ऑक्झलेट, एक्स-रेत सहसा दिसतात. बारीक वाळू आणि मूत्राशयाची जाड झालेली भिंत सोनोग्राफीत कळते.

लघवीच्या रिपोर्टबद्दल एक सांगते, कारण त्यावरून फार गोंधळ होतो. रिपोर्टमध्ये स्फटिक दिसले म्हणजे खडा आहे असं नव्हे. धडधाकट मांजराच्या लघवीतही ते सापडतात. शिवाय नमुना फ्रिजमध्ये ठेवला किंवा दुपारपर्यंत तसाच पडून राहिला तर बाटलीतच नवे स्फटिक तयार होतात. नमुना गोळा केल्यापासून तासाभरात सूक्ष्मदर्शकाखाली जायला हवा. डिसेंबरच्या सकाळी सिडकोतून नाशिकरोडच्या लॅबला पाठवलेल्या बाटलीवर औषध ठरवण्यापेक्षा मांजरालाच दवाखान्यात न्यावं आणि तिथेच नमुना काढून घ्यावा.

३. एका खड्याचं पथ्य दुसऱ्याला बाधतं.

स्ट्रुव्हाइट हा मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेटचा खडा. लघवी अल्कधर्मी झाली की तो जमतो आणि आम्लधर्मी केली की विरघळतो. योग्य खाण्यावर बहुतेक स्ट्रुव्हाइट काही आठवड्यांत विरून जातात, चाकू लावावा लागत नाही. ऑक्झलेट मात्र कुठल्याही खाण्यानं विरघळत नाही, तो काढावाच लागतो. त्याच्यासाठी लघवी फार आम्ल करणं तर उलट घातक ठरतं.

अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९८१ पासून जनावरांचे खडे तपासणारं केंद्र आहे. कार्ल ऑस्बोर्न या पशुवैद्यांनी ते उभं केलं. सुरुवातीच्या काळात तिथे आलेल्या मांजरांच्या खड्यांत ७८ टक्के स्ट्रुव्हाइट होते आणि ऑक्झलेट जेमतेम २ टक्के. मग ऐंशीच्या दशकात कंपन्यांनी खाण्यातलं मॅग्नेशियम कमी केलं आणि लघवी आम्ल होईल अशी योजना केली. स्ट्रुव्हाइट घटले, पण ऑक्झलेट वाढत वाढत नव्वदच्या दशकात त्यांच्या पुढे गेले. याला केवळ खाणंच कारण होतं असं ठामपणे कुणी म्हणत नाही. मला मात्र त्यातून एवढं उमगलं की एका दिशेनं फार जोर लावला की दुसरीकडून दुखणं उभं राहतं. पिशवीवर 'युरिनरी' लिहिलंय म्हणून कुठल्याही मांजराला द्यावं, हे त्यामुळे मला पटत नाही.

पर्शियन आणि हिमालयन जातीची मांजरं पाळणाऱ्यांनी तर जास्तच जपावं. नाशिकमध्ये हल्ली घरोघरी पर्शियन दिसतात. या दोन्ही जातींत ऑक्झलेटचं प्रमाण जास्त असतं.

४. पाणी खाण्यातूनच गेलं पाहिजे.

दुखणं कुठलंही निघो, हा एक उपाय सगळ्यांना लागू पडतो. म्हणून यावर जरा सविस्तर लिहिते.

मांजराचा पूर्वज हा आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या कोरड्या मुलखातला रानबोका. त्याचं पाणी उंदराच्या अंगातून यायचं, आणि उंदीर म्हणजे सत्तर टक्के पाणीच. त्यामुळे मांजराला तहान उशिरा लागते. पाणी कमी पडलं तर त्याची किडनी लघवी घट्ट करून भागवते. रानात हे गुण म्हणून कामी आलं. फ्लॅटमध्ये दाण्यांवर जगणाऱ्या मांजराला तेच महागात पडतं, कारण घट्ट लघवीत क्षार लवकर जमतात.

हिशेब करून बघा. चार किलोच्या मांजराला दिवसाला सगळं मिळून दोनशे मिलीच्या आसपास पाणी लागतं. ते दिवसाला पन्नास-साठ ग्रॅम ड्राय फूड खातं, त्यात पाणी दहा टक्क्यांहून कमी, म्हणजे जेमतेम चमचाभर. उरलेलं सगळं त्यानं भांड्यातून प्यायला हवं, आणि तेवढं ते सहसा पीत नाही. याउलट पाऊच किंवा टिनमधल्या ओल्या खाण्यात पाऊण हिश्शाहून जास्त पाणीच असतं. ८५ ग्रॅमचे तीन पाऊच पोटात गेले की दोनशे मिली पाणी खाण्याबरोबरच जातं.

१९९९ साली अमेरिकेतल्या पशुवैद्यकांच्या संघटनेच्या नियतकालिकात एक अभ्यास छापून आला होता. कारण न सापडणारी मूत्राशयाची सूज असलेल्या मांजरांना एकाच धर्तीचं खाणं दिलं, काहींना ओलं आणि काहींना सुकं. वर्षभरात ओलं खाणाऱ्या १८ पैकी २ मांजरांना त्रास उलटला, सुकं खाणाऱ्या २८ पैकी ११ जणांना. मांजरं थोडी होती हे खरं, पण माझ्या घरात जे दिसलं ते याच्याशी जुळतं.

खर्चाचा प्रश्न येतो आणि तो खरा आहे. पाऊच चाळीस-पन्नास रुपयांचा धरला तर दिवसाला तीन म्हणजे महिन्याला चार हजारांच्या आसपास जातात. दोन-तीन मांजरं असलेल्या घराला ते झेपत नाही. आमच्याकडे मधला मार्ग निघाला. सकाळ-संध्याकाळ पाऊच, दुपारी भिजवलेले दाणे. दाणे वाटीत घ्यायचे, त्यावर कोमट पाणी ओतायचं आणि दहा मिनिटं झाकून ठेवायचं. दाणा फुगतो, बोटानं दाबला की मऊ लागतो, आणि वास सुटतो तसा गुंड्या ओट्याखाली येऊन बसतो. पाऊचमध्येही दोन चमचे कोमट पाणी घालून रस्सा पातळ करते. पहिल्या दिवशी अर्धाच चमचा घातला होता, मग रोज थोडं थोडं वाढवत नेलं. एकदम पाणचट केलं असतं तर त्यानं तोंड फिरवलं असतं. उन्हाळ्यात भिजवलेलं खाणं अर्ध्या तासाच्या वर बाहेर ठेवत नाही. एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकला की ते लगेच आंबतं.

भांड्याचंही बघावं लागतं. खाण्याच्या ताटलीजवळचं पाणी बरीच मांजरं पीत नाहीत. गुंड्याला मिशा काठाला न टेकणारं पसरट भांडं लागतं, म्हणून कुंभाराकडून मातीची परळं आणली आणि घरात तीन ठिकाणी मांडली. रोज घासायची, रोज नवं पाणी भरायचं. पहिल्या पावसात गंगापूर धरणातून येणारं पाणी गढूळ होतं तेव्हा गाळून, उकळून, गार करून ठेवते. लोक बोअरच्या जड पाण्याला दोष देतात. त्यानं मांजराला खडे होतात याला ठोस पुरावा नाही, पण ज्या पाण्याची चव त्याला आवडत नाही ते पाणी ते कमी पितं, आणि नुकसान व्हायला तेवढं पुरतं.

पाणी पुरेसं जातंय का हे ट्रेमध्ये दिसतं. गोळे होणारी माती वापरा. सकाळी गाळताना गोळ्यांचा आकार आणि संख्या बघायची सवय लागली की फरक चटकन लक्षात येतो. मोठे गोळे म्हणजे लघवी भरपूर. बारीक बारीक गोळ्यांचा पसारा दिसला तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. थंडीत मांजरं भांड्याकडे कमी फिरकतात, म्हणून निफाडला पारा एक आकड्यावर आल्याच्या बातम्या सुरू झाल्या की मी रस्सा आणखी पातळ करते.

५. दूध-पोळी, बोंबील आणि कांदा.

मराठी घरातलं मांजर पिढ्यान्‌पिढ्या दूध-भात आणि दूध-पोळीवर वाढलं. ते दिवसभर बाहेर फिरायचं, उंदीर-पाखरं मारून खायचं, आणि उरलेलं पोट आपल्या पोळीनं भरायचं. दार बंद असलेल्या घरातल्या मांजराचं तसं नाही. त्याला मिळेल तेवढंच त्याचं अन्न. मांसाहारानं लघवी आम्ल होते, धान्यानं आणि भाज्यांनी ती अल्कधर्मी होते, आणि अल्कधर्मी लघवीत स्ट्रुव्हाइट जमतो. शिवाय मांजराला टॉरिन लागतं, ते मांसातूनच मिळतं. ते कमी पडलं तर हृदय आणि डोळे बिघडतात. हृदयाचा हा संबंध १९८७ साली कॅलिफोर्नियात पॉल पायन यांनी दाखवून दिला, आणि त्यानंतर जगभर मांजरांच्या खाण्यात टॉरिन वाढवलं गेलं. शाकाहारी घरात मांजर पाळायचं असेल तर त्याच्यासाठी तयार खाणं आणायला मन तयार करावं. त्याला आपल्या व्रतात ओढू नये. दूधही मोठ्या मांजराला पचेलच असं नाही, कित्येकांना त्यानं जुलाब होतात.

सासूबाई मूळच्या अलिबागकडच्या. "अगं, मांजराला मासळी द्यायची नाही तर मग काय द्यायचं?" असं त्यांनी विचारलं तेव्हा त्यांच्या प्रेमाबद्दल शंकाच नव्हती. प्रश्न सुक्या बोंबलाचा आणि जवळ्याचा होता. जवळा आख्खा, कवचासकट खाल्ला जातो. सुक्या मासळीत पाणी नाही, मीठ भरपूर, आणि हाडा-कवचातली खनिजं एकवटलेली. ज्याची लघवी एकदा अडली आहे त्याला ते रोज देणं बरोबर नाही. आता त्या ताज्या माशाचा काटा काढलेला, उकडलेला, बिनमिठाचा तुकडा देतात, तोही कधीतरी. गुंड्याही त्यावर खूश असतो.

चिकन उकडून घालणारे बरेच आहेत. थोडं, वरखाण म्हणून, चालतं. पण नुसत्या चिकनवर मांजर ठेवलं तर कॅल्शियम फार कमी पडतं आणि फॉस्फरसशी त्याचा मेळ बसत नाही. पूर्ण घरचंच खाणं द्यायचं असेल तर पशुआहार जाणणाऱ्या डॉक्टरांकडून कृती लिहून घ्यावी आणि त्यातली पूरकं वगळू नयेत.

आणि कांदा. लासलगावच्या जिल्ह्यात राहणाऱ्यांना हे सांगावंच लागतं, कारण आपल्या रश्श्यात, सुपात, मसाल्यात कांदा-लसूण असतोच. कांद्यानं मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात, कच्च्यानं आणि शिजलेल्यानंही. आमच्या घरी चिकनचं पाणी मीठ-मसाला पडण्याआधी वेगळं काढलं जातं. बाजारचे सूपचे क्यूब त्याच्या वाटीत कधी जात नाहीत.

६. डॉक्टरी खाणं औषधासारखं वापरायचं.

रॉयल कॅनिनचं युरिनरी एसओ, हिल्सचं सीडी, फार्मिनाचं व्हेट लाइफ, ही नावं आपल्याकडे दवाखान्यांत ऐकू येतात. त्यांचं काम साधारण असं: मॅग्नेशियम आणि फॉस्फरस मोजून, लघवीचा सामू सहा ते साडेसहाच्या दरम्यान राहील अशी बांधणी, आणि काहींत तहान वाढावी म्हणून सोडियम थोडं जास्त. हे काम करतं. स्ट्रुव्हाइट विरघळवायला याच्याइतकं भरवशाचं दुसरं काही नाही. पण ते निर्भेळ द्यावं लागतं. वरून बोंबील, शेजारून बिस्किट, दुसऱ्या मांजराच्या ताटलीतले चार घास, असं चाललं तर पैसे वाया जातात. लघवी आम्ल करणाऱ्या गोळ्या त्याच्या जोडीला डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज देऊ नयेत. पिल्लांना, गाभण मांजरीला, किडनी किंवा हृदयाच्या रोग्याला हे खाणं आपल्या मनानं सुरू करू नये. घरच्या खाण्यात वरून मीठ घालणं तर नाहीच.

असं खाणं सुक्या आणि ओल्या दोन्ही रूपांत मिळतं. परवडत असेल तर ओलं घ्यावं, नाहीतर दाणे भिजवावेत.

साधं तयार खाणं घेताना पाकिटावर 'कम्प्लीट अँड बॅलन्स्ड' असे शब्द आहेत का ते शोधा. नसतील तर ते वरखाण, जेवण नव्हे. प्रथिनांचे आकडे ओल्या-सुक्यात थेट पडताळू नका. पाऊचवर ८ टक्के प्रथिनं आणि ८० टक्के पाणी लिहिलेलं असतं. पाणी वजा केलं की उरलेल्या २० भागांत ८ भाग प्रथिनं, म्हणजे ४० टक्के. ३० टक्के लिहिलेल्या पिशवीपेक्षा ते जास्तच भरतं.

७. माणसाच्या मुतखड्याचे उपाय मांजरावर करू नका.

आपल्याकडे मुतखडा म्हटला की हुलग्याचं पाणी, गोखरू, पानफुटीची पानं. पानफुटीबद्दल तर हात जोडून सांगते. ती मांजराला विषारी आहे, तिच्यातल्या द्रव्यांचा हृदयावर परिणाम होतो. बाल्कनीत कुंडी असेल तर तीही मांजराच्या तोंडापासून लांब हलवा. हुलग्याच्या पाण्यानं मांजराचा खडा जातो असं कुठे दिसलेलं नाही, आणि ते पाजण्यात गेलेला दिवस परत मिळत नाही.

८. नाशिक ढोल आणि मूत्राशय.

ताणानं मांजराचं मूत्राशय बिघडतं हे आधी मलाही खरं वाटलं नव्हतं, पण यामागे चांगलं संशोधन आहे. ओहायो स्टेट विद्यापीठाच्या टोनी बफिंग्टन यांनी कारण न सापडणाऱ्या मूत्राशयाच्या सुजेवर वर्षानुवर्षं काम केलं. अशा मांजरांची ताण झेलणारी यंत्रणाच हळवी असते, आणि घरातली उलथापालथ थेट मूत्राशयावर उतरते, असं त्यांचं म्हणणं. २००६ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी घरात राहणाऱ्या ४६ मांजरांवरचा अभ्यास छापला. लपायच्या जागा, उंच बसायच्या जागा, खेळ, ट्रेची नीट सोय, असे बदल घरात केले, आणि पुढच्या दहा महिन्यांत त्रास लक्षणीय कमी झाला.

आपल्या गावाला हे किती लागू आहे बघा. गणपतीसाठी ढोलपथकांची तालीम कित्येक आठवडे आधी सुरू होते. नाशिक ढोलाचा मला अभिमान आहे, पण पहिल्या मजल्यावरच्या मांजराच्या छातीत तो दणाणतो. मग दिवाळी. मग रंगपंचमीच्या रहाडींची धमाल. सध्या सिंहस्थाच्या तयारीची खोदकामं आहेत. आम्ही त्या दिवसांत मागच्या खोलीत कपाटाचा खालचा कप्पा मोकळा करून जुनी गोधडी पसरतो, ट्रे आणि परळ जवळ ठेवतो आणि खाण्याच्या वेळा घड्याळाप्रमाणे पाळतो. अशा काळात खाणं मात्र बदलायचं नाही. नवीन पाऊच चांगला असला तरी गणपती उठेपर्यंत तो थांबतो.

ट्रेचं गणितही सांगून ठेवते: जितकी मांजरं त्याहून एक ट्रे जास्त, आणि सगळे एकाच कोपऱ्यात नकोत.

९. बदल सावकाश, आणि उपाशी ठेवून कधीच नाही.

"भूक लागली की खाईल," हे कुत्र्याबाबत चालून जाईल. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं, त्यातून ते लठ्ठ असेल, तर यकृतात चरबी साठून जीवावर बेतू शकतं. जुन्या खाण्यात नव्याचा पाव हिस्सा मिसळून सुरुवात करावी आणि आठ-दहा दिवसांत पुरतं बदलावं. अडलंच तर आणखी वेळ घ्यावा. खाणं थोडं कोमट केलं तर वास सुटतो आणि काम सोपं होतं.

वजनाकडे डोळेझाक नको. नसबंदीनंतर मांजराची भूक वाढते आणि गरज मात्र घटते. बसून राहणारा लठ्ठ बोका कमी हिंडतो, ट्रेकडेही कमी जातो, आणि लघवी तुंबणाऱ्यांत अशांचीच संख्या मोठी असते. दाण्यांची वाटी दिवसभर भरलेली ठेवण्यापेक्षा मोजून, थोडं थोडं, चार-पाच वेळा द्यावं. एकदम मोठं जेवण झालं की काही तास लघवी अल्कधर्मी होते, हाही एक मुद्दा आहे.

१०. बरं वाटलं म्हणून तपासणी थांबवू नका.

खडा विरघळवणारं खाणं सुरू केल्यावर साधारण महिन्यानं पुन्हा एक्स-रे आणि लघवी. खडा दिसेनासा झाला तरी ते खाणं आणखी काही आठवडे चालू ठेवायला सांगतात, कारण एक्स-रेत न दिसणारे बारीक कण उरलेले असू शकतात. महिन्यानंतरही खडा तेवढाच असेल तर तो बहुधा स्ट्रुव्हाइट नाही, आणि तेव्हा शस्त्रक्रियेचा विचार लांबवू नये. काढलेला खडा फेकून न देता तपासणीला पाठवायला सांगा, पुढचं सगळं पथ्य त्यावर ठरतं.

रिपोर्टमध्ये मी आधी विशिष्ट गुरुत्व बघते, त्यावरून लघवी किती घट्ट आहे ते कळतं. मांजराची लघवी १.०३५ च्या वर असणं एरवी स्वाभाविक, पण खडे झालेल्या मांजरात डॉक्टर ती १.०३० च्या खाली आणायला बघतात. ओल्या खाण्यावर आणि पातळ रश्श्यावर गुंड्याचा आकडा उतरला, आणि पुढचे रिपोर्ट घेऊन गेल्यावर डॉक्टरांनी त्याला डॉक्टरी खाण्यावरून साध्या ओल्या खाण्यावर आणलं. मांजर सात-आठ वर्षांचं झालं की लघवीबरोबर रक्तातलं क्रिएटिनिन आणि रक्तदाबही बघून घ्यावा. त्या वयात ऑक्झलेटचा आणि किडनीच्या आजाराचा धोका वाढतो, आणि तरुणपणी फळलेलं आम्ल खाणं तेव्हा बदलावं लागू शकतं.